वैतरणेचं पाणी, बायकांचे तास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या पाण्यावर मी कॉलेजांत बोलते, वस्त्यांतल्या बचत गटांत बोलते, एकदोनदा गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांतही बोलले आहे. विषय ठरलेला असतो: वैतरणा आणि भातसाच्या खोऱ्यापासून आपल्या मोरीतल्या नळापर्यंत पाण्यावरून जे तंटे आहेत, त्यांत बाईमाणूस कुठे आहे? प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाई करावीशी वाटली नाही.

मुंबईला नदीखोरं कुठलं? आपण तर समुद्राकाठी राहतो.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची साठवणक्षमता मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांतले विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत. त्या दोघांत मावतं ३५ हजार ७४४ दशलक्ष लिटर, म्हणजे शंभरातले जेमतेम अडीच. बाकी सगळं बाहेरून येतं. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर आणि तानसा हे चार तलाव वैतरणेच्या खोऱ्यातले. तानसा ही वैतरणेचीच उपनदी. त्यांचा वाटा ४८ टक्के. उरलेलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं, आणि भातसा उल्हास नदीच्या खोऱ्यात येते.

म्हणजे इगतपुरी, मोखाडा, वाडा, शहापूर या तालुक्यांतल्या डोंगरांवर पडलेला पाऊस आपण पितो. १८६० मध्ये विहारचं पाणी आलं तेव्हा शहर स्वतःच्या अंगणातलं पाणी पीत होतं. १८९२ मध्ये तानसा झाला आणि मुंबईचा हात खाडीपलीकडे गेला. २०१४ मध्ये मध्य वैतरणा पूर्ण झालं. प्रत्येक पिढीत आपण आणखी आत, आणखी वर गेलो. खोरं आपलं नाही, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

पण तिथे भांडण कुठलं? आम्ही तर कधी ऐकलं नाही.

कावेरी किंवा कृष्णेसारखं राज्याराज्यांचं भांडण असलं की लवाद बसतो, निवाडा येतो, मथळे येतात. वैतरणा-भातसाचं तसं नाही. इथे एका बाजूला महानगर, दुसऱ्या बाजूला आदिवासी पाडे. शहापुरातल्या गावांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, ‘आधी आम्हाला पाणी, मग मुंबईला’ अशी मागणी केली. हा झाला दिसणारा भाग. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पाण्यावरूनही असंच चाललेलं आहे. धरण बांधलं डहाणू, पालघर, विक्रमगड भागातल्या शेतीच्या नावाने, आणि आता त्याचं रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मिरा-भाईंदरला न्यायची योजना आहे.

न दिसणारा भाग रोजचा आहे. भातसा, तानसा, मोडक सागर अशा तलावांच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतो. टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो, आणि पुढच्या काही मिनिटांत दोरी-बादल्यांची एकच झुंबड उडते. त्या झुंबडीत पुरुष शोधावे लागतात. ज्या विहिरीत टँकर रिता होत नाही तिथे कुणीतरी मुलगी तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरते. धरणाचं पाणी मोठाल्या नळांतून गावांच्या जवळून जातं. वाटेतल्या काही गावांना त्यातून पाणी मिळतंही, पण पाइप बघत बघत हंडा घेऊन उलट दिशेला चालणारी बाई हे तिथलं उन्हाळी चित्र आहे. तिने कधी तक्रार दाखल केलेली नसते, म्हणून सरकारी कागदांत ‘तंटा’ नावाची नोंदच होत नाही.

एवढा पाऊस पडतो तिथे, मग पाणी का नाही?

वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. पण खाली काळा कातळ, वर तीव्र उतार. पाणी मुरत नाही, वाहून जातं. धरणं त्या वाहत्या पाण्याला अडवतात, पण धरणातलं पाणी खाली, पाडा वर. वर चढवायला पंप, वीज, टाकी आणि ती चालवायला पैसे लागतात. मुंबईसाठी हे सगळं उभं राहिलं. वीस घरांच्या पाड्यासाठी ते ‘परवडत नाही’ असं ठरतं. हे ठरवताना बाईच्या डोक्यावरून चढणारं पाणी फुकट धरलेलं असतं. तिच्या तासाला दर लावला, तर पंप महाग की हंडा महाग, हे पुन्हा मोजावं लागेल.

‘लिंगभाव-संवेदनशील विश्लेषण’ हा फार जड शब्द आहे. सोप्या भाषेत सांगा.

लिंगभाव म्हणजे समाजाने बाई आणि पुरुष यांच्यावर टाकलेली कामं, दिलेले आणि नाकारलेले हक्क. पाणीतंट्याकडे या नजरेने बघायचं म्हणजे नेहमीच्या हिशेबात आणखी काही रकाने घालायचे. पाटबंधाऱ्याचा हिशेब दलघमीत असतो, दशलक्ष घनमीटरमध्ये. किती अडवलं, किती सोडलं, किती कोणाला. मी त्याच्या शेजारी विचारते: हे पाणी घरात आणायला कोणाचे किती तास गेले? सातबाऱ्यावर आणि नळजोडणीच्या कागदावर नाव कोणाचं? निर्णयाची बैठक किती वाजता होती आणि त्या वेळी कोण चुलीपाशी होतं? पाणी कमी पडलं तेव्हा घरात सर्वांत आधी कोणाची आंघोळ बंद झाली?

लिटरसोबत तास मोजायचे. माझ्या लेखी या सगळ्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. तास मोजले की भांडणाच्या बाजूच बदलतात. लिटरमध्ये बघितलं तर मुंबई विरुद्ध शहापूर. तासांत बघितलं तर शहापूरच्या पाड्यावरची बाई आणि मानखुर्दच्या वस्तीतली बाई एकाच बाजूला उभ्या दिसतात, आणि ज्यांच्या घरी पाणी आपोआप येतं ते सगळे दुसऱ्या बाजूला. त्या दुसऱ्या बाजूला मीही आहे.

‘पाणीवाली बाई’ म्हणजे मृणाल गोरे ना?

हो. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून गेल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी इतक्या लढल्या, की लोकांनीच त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायला सुरुवात केली. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा मुंबईभर गाजली. हंडा मोर्चे, लाटणं मोर्चे ही त्या काळाची देणगी. घरातली भांडी रस्त्यावर आणून बायकांनी दाखवून दिलं, की स्वयंपाकघरातला प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे.

पण शहापूर तालुक्यात याच शब्दाला दुसरा अर्थ मिळाला. २०१५ च्या सुमारास तिथल्या डेंगणमाळ गावाबद्दल देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून आलं: पहिली बायको गरोदर किंवा लेकुरवाळी, पाणी लांब, म्हणून नवऱ्याने पाणी भरण्यासाठी दुसरी, क्वचित तिसरी बायको केली. ही ‘पाणीवाली बाई’. बहुतेकींना आधार नव्हता. कुणी विधवा, कुणी टाकलेली. डोक्यावर छप्पर मिळालं, त्याच्या बदल्यात डोक्यावर हंडा आला. कायद्याने अशा लग्नाला मान्यता नाही, म्हणजे उद्या नवरा गेला तर हक्कही पातळच.

त्या बातम्या मला तेव्हाही खटकल्या होत्या. ‘बघा काय विचित्र प्रथा’ असा सूर होता. आश्चर्य त्या नवऱ्याचं वाटून घेण्यापेक्षा हे विचारायला हवं होतं, की भातसासारखं धरण ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्यात पाणी आणणं हे एका माणसाचं पूर्ण वेळेचं काम कसं झालं? एका शब्दाचे हे दोन अर्थ मी प्रत्येक वर्गात शेजारी-शेजारी लिहिते. एकीने पाण्याच्या निर्णयात जागा मिळवली. दुसरीला पाण्यासाठी घरात जागा मिळाली. दोघींच्या मध्ये फार तर दीडशे किलोमीटर आहेत, आणि त्यांना जोडणारा रस्ता म्हणजे तीच पाइपलाइन.

नळावर बायकाच का भांडतात? पुरुष भांडताना दिसत नाहीत.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा हसत विचारतात. मी गंभीरपणेच उत्तर देते.

मुंबईत पाणी चोवीस तास नसतं. शहराचे शेकडो विभाग पाडलेले आहेत, आणि ज्याची जशी पाळी तसा ‘चावीवाला’ रस्त्यावरची झडप फिरवतो. तुमच्या गल्लीचं पाणी पहाटे साडेतीनला की संध्याकाळी सहाला, हे त्या वेळापत्रकावर. त्यात दाब किती, हे तुम्ही टेकडीवर आहात की पायथ्याशी, यावर. वस्त्यांत एक जोडणी बऱ्याचदा काही घरांच्या गटाला मिळते. महापालिकेचा वर्षानुवर्षांचा निकष इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतल्या माणसाला ४५ लिटर असा राहिला आहे. म्हणजे पाणी तिपटीने कमी, वेळ ठरलेली आणि नळ सामाईक. या तिन्ही गोष्टी बाईने ठरवलेल्या नाहीत. पण त्यांची ठिणगी उडते ती नळापाशी, कारण तिथे तिला उभं केलेलं असतं.

कोणी मोटर लावून पाणी ओढलं की शेवटच्या घराचा पाइप कोरडा पडतो. मग शेवटच्या घरातली बाई पहिल्या घरातल्या बाईशी भांडते. झडप फिरवणारा, निकष ठरवणारा, गटाचा सेक्रेटरी, मोटर विकत आणणारा नवरा यांपैकी कोणीच त्या भांडणात नसतं. वरून सोडलेली टंचाई खाली येताना बायकांमधली कटकट बनते. पोलिसांच्या वहीत ती ‘किरकोळ बाचाबाची’ असते.

एकदा एका वस्तीत मी लोकांना गल्लीचा नकाशा काढायला सांगितलं. पुरुषांच्या नकाशात नळ होते, मुख्य लाइन होती, ऑफिस होतं. बायकांच्या नकाशात नळ होतेच, शिवाय कुठल्या कोपऱ्यावर दिवा नाही, कोणाकडे मोटर आहे, कुठे पोरं उभी असतात, कोणाची सासू पाळी मोडू देत नाही, हे सगळं होतं. एकीने तर नळाच्या पुढे वेळच लिहिली होती, ३.४०. गल्ली तीच. मला शिकवायचं होतं ते सगळं त्या दोन कागदांवर आलं होतं.

पुरुषांना त्रास नाही का?

आहे. वसईहून निघून दोन गाड्या बदलणारा, बिनपाण्याच्या घरात रात्री परतणारा माणूस सुखात आहे असं कोण म्हणेल? मोखाडा-जव्हारचे पुरुष दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात, कारण शेतीला दुसरं पाणी नसतं. लिंगभावाचं विश्लेषण त्यांचाही विचार करतं. ‘कमवून आणणं तुझं काम’ हा दट्ट्याही लिंगभावच आहे. फरक एवढाच, की त्याच्या कामाला मजुरी म्हणतात, तिच्या कामाला नाव नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात जाणारा दिवसाचा वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. आणि जगभर ज्या घरांत पाणी आवारात येत नाही, त्यांतल्या दहापैकी सात घरांत ते बायका-मुली आणतात.

आम्ही सोसायटीत राहतो. आमच्याकडे हा प्रश्न येतच नाही ना?

एप्रिल २०२५ मध्ये खासगी टँकरवाल्यांनी चार-पाच दिवस संप केला तेव्हा अनेक सोसायट्यांना हा प्रश्न कळला. पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे करावा लागला. पण संप नसतानाही तो असतो, फक्त तुमच्या घरात कामाला येणाऱ्या बाईच्या घरी असतो. तिच्या वस्तीत पाणी सकाळी साडेसातला आणि तुमच्याकडची भांडी सकाळी साडेसातला. दोन्ही जमत नाही. मग मोठ्या मुलीची शाळा बुडते, किंवा तुम्ही ‘आज पुन्हा उशीर’ म्हणता आणि पगार कापता. तुमच्या सिंकमध्ये वैतरणेच्या पाण्याने भांडी वेळेवर घासली जावीत म्हणून तिच्या नळाची वेळ सुटते.

सोसायटीच्या पुढच्या सभेत पाणीकपातीवर बोलणं निघालं, तर घरकाम करणाऱ्या बायकांच्या पाण्याच्या वेळा विचारून घ्या. एवढं करायला कुठल्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

बेकायदा वस्त्यांना पाणी मागायचा हक्क आहे का?

१५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं, की पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्याआधी सरकारने ठरवलेल्या कट-ऑफ तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी न देण्याचं सरकारी धोरण होतं. न्यायालयाने हेही म्हटलं, की अशा रहिवाशांना कायदेशीर रहिवाशांच्या बरोबरीने हक्क सांगता येणार नाही, जास्त दर लावता येईल. म्हणजे दार उघडलं, पण पूर्ण नाही. मे २०२२ मध्ये महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं.

अर्ज, कागद, फेऱ्या या सगळ्यात बायका पुढे असतात. जोडणी मिळते तेव्हा पावतीवर नाव मात्र सहसा घरमालकाचं, म्हणजे पुरुषाचं. नवऱ्याने टाकलं की त्या नळावरचा तिचा हक्क नवऱ्याच्या मर्जीचा होतो. अर्ज करतानाच दोघांची नावं घाला, असा माझा आग्रह असतो.

गावातल्या पाणी समितीत निम्म्या बायका असतात. मग अडचण काय?

महाराष्ट्रात पंचायतीत ५० टक्के आरक्षण आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, पाणी तपासायला गावातल्या पाच बायकांना शिकवायचं, असं ठरलं आहे. हे चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण समिती गावातल्या नळाचं बघते. धरणातून मुंबईला किती सोडायचं, हे ठरतं ते मंत्रालयात आणि पाटबंधाऱ्याच्या बैठकीत, जिथे जागा अभियंत्यांना आणि पालकमंत्र्यांना असते. बाईला टाकी स्वच्छ ठेवायची जबाबदारी मिळाली, टाकीत काय येणार हे ठरवायचा अधिकार नाही. १९९२ मध्ये डब्लिनच्या पाणी परिषदेने पाणी पुरवणं, सांभाळणं आणि त्याचं व्यवस्थापन यात बायकांचा वाटा मध्यवर्ती आहे, असं तत्त्व मांडलं. तीन दशकांत ‘सांभाळणं’ मिळालं.

पाण्याचा हक्क आणि जमीन यांचा काय संबंध?

सगळाच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून भूजल हे जमीनमालकाचं मानलं गेलं. कालव्याचं पाणी लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला, पाणीवापर संस्थेचं सभासदत्व जमीनधारकाला. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका सुमारे १४ टक्के होत्या. मग भात लावणारी, निंदणारी, कापणारी बाई पाणीवापराच्या सभेत कोण म्हणून जाणार?

महाराष्ट्राने याला उत्तरही दिलेलं आहे, ते आपण विसरतो. सत्तरच्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणशी दिलं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. डोकी मोजली की बाईचं डोकं मोजावंच लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनेही लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावावर करायला लावली. जमिनीमागोमाग पाणी येतं, हे त्यांना दिसत होतं.

भातसाचे कागद उघडले तर दिसेल, की तो मुळात सिंचनाचाही प्रकल्प. त्याचं पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून शुद्धीकरणाला जातं. त्या वाटेवरच्या शेतांना माणशी वाटा द्यायचा ठरवला, तर मुंबई तहानेने मरणार नाही.

धरणग्रस्तांमध्ये बाई-पुरुष असा फरक का करायचा? सगळ्यांचीच घरं गेली.

घर सगळ्यांचं गेलं, पण मोबदल्याचा धनादेश सातबाऱ्यावरच्या नावाने निघतो. जुन्या नियमांत सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला जायचा. १९७९ चा नर्मदा लवादाचा निवाडा तसाच आहे. सज्ञान मुलगी कुठेच नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही चूक दुरुस्त केली: विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायका स्वतंत्र कुटुंब, आणि सज्ञान व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, स्वतंत्र कुटुंब. पण वैतरणा आणि भातसाच्या बहुतेक विस्थापनाला हा कायदा उशिरा आला. शिवाय जंगलातला मोह, कंद, रानभाजी, सरपण बुडालं, त्याचा पंचनामा कोणी केला नाही. ते बाईचं उत्पन्न होतं, आणि ते कागदावर नव्हतं.

मुंबईतलंच उदाहरण हवं असेल तर माहुल बघा. तानसा जलवाहिनीच्या कडेने राहणारी हजारो माणसं जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी हटवली आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुलला पाठवली. दमा, त्वचेचे विकार, लांब पडलेल्या शाळा, सुटलेली घरकामं. विद्याविहारला महिनोन्‌महिने रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्यांत बायका पुढे होत्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, दुसरं घर द्या किंवा महिना १५ हजार रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. पाण्याच्या पाइपला जागा करून देताना ज्यांचं आयुष्य हललं, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात त्या पाइपातलं पाणी धड येतही नव्हतं.

पूर हासुद्धा पाण्याचा तंटाच का?

हो, पण थोडक्यात सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीची सगळ्यांना आठवण झाली. विहार आणि पवई भरले की त्यांचं पाणी मिठीत येतं. त्यानंतर नदी रुंद करायला काठची घरं हटली. पात्र अरुंद करणाऱ्या मोठ्या बांधकामांना तो हिशेब तितका द्यावा लागला नाही. माहीमच्या खाडीत जाळं टाकणारा कोळी आणि मासे विकणारी कोळीण, दोघांचं पोट मिठीतून येणाऱ्या घाण पाण्याने मारलं. मच्छिमारांच्या नुकसानीची चर्चा होते तेव्हा होडीवाला मोजला जातो, पाटी घेऊन बसणारी सुटते.

‘बायका’ म्हणजे सगळ्या एकच का?

अजिबात नाही. पाण्याला जात चिकटलेली आहे, हे महाराष्ट्राला २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी दाखवून दिलं. आजही सामाईक विहिरीवर कोण आधी, कोणाची कळशी कुठे ठेवायची, यात ते दिसतं. कातकरी बाई आणि बागायतदाराची बायको या एका नदीच्या काठी राहत असल्या तरी त्यांचं पाणी एक नाही. पाहणीत नुसतं ‘महिला: ५० टक्के’ लिहिलं की हे झाकलं जातं. म्हातारी, अपंग, एकटी, भाडेकरू यांचे रकाने वेगळे ठेवा.

पाळी, संडास, आजारपण हे यात येतं का?

यायलाच हवं. पाणी कमी की पाळीत कपडा नीट धुतला जात नाही. संडासला जायला लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात. गरोदरपणात हंडे सुटत नाहीत. ‘माझी मान दुखते’ हे वाक्य मी प्रत्येक पाड्यावर ऐकलं आहे. ती मान हाही खोऱ्याच्या पाणीवाटपाचा पुरावा आहे.

मग नव्या धरणांना विरोध करायचा का? मुंबईला पाणी तर लागणारच.

लागणार आहे. वाडा तालुक्यातल्या गारगाई धरणातून रोज ४४० दशलक्ष लिटर, पिंजाळमधून ८६५ दशलक्ष लिटर मिळेल, असे प्रस्ताव आहेत. गारगाईत तानसा अभयारण्याचं जंगल आणि आदिवासी गावं जाणार. दुसरीकडे मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा २०० दशलक्ष लिटरचा प्रस्तावित प्रकल्प आहे. तो महाग आहे, वीज खातो.

माझं मत स्पष्ट आहे. गळती, चोरी, सांडपाण्याचा पुनर्वापर, पावसाचं पाणी यांचा हिशेब संपल्याशिवाय आणखी एक खोरं बुडवू नये. आणि बुडवायचंच ठरलं, तर पहिला थेंब वर. धरणाच्या दहा किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक पाड्याच्या घरात नळ आल्याशिवाय मुंबईची झडप उघडायची नाही. हे अभियांत्रिकीला अशक्य नाही. डोंगर पोखरून बोगदे काढणाऱ्यांना टेकडीवर एक टाकी चढवता येते.

मला माझ्या भागात असं विश्लेषण करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

पाणी येतं त्या वेळी जा. दुपारी बारा वाजता भरलेली प्रश्नावली खोटी ठरते, कारण तेव्हा पाण्याची बाई झोपलेली असते किंवा कामावर असते. बायकांशी वेगळं बसा, सासवांशी आणखी वेगळं. ‘पाणी पुरतं का?’ असं विचारू नका, ‘पुरवावं लागतं’ हेच उत्तर येणार. ‘काल काय केलं नाहीस?’ विचारा. आंघोळ, शाळा, मजुरी, झोप, माहेरचं लग्न, जे सुटलं ते लिहा. घड्याळ घेऊन एका बाईबरोबर पाणी भरायची एक पूर्ण पाळी करा. रांगेत उभं राहून, हंडा उचलून, चुंबळ डोक्यावर ठेवून. मग गटाचा सेक्रेटरी, चावीवाला, टँकरवाला यांना भेटा. चावीवाल्याला खलनायक ठरवू नका, त्याच्याकडे सर्वांत जास्त माहिती असते.

मिळालेली माहिती त्या बायकांना परत वाचून दाखवा. कोणाच्या मोटरचं नाव, कोणाच्या नवऱ्याचं नाव बाहेर जाऊ देऊ नका. तुम्ही निघून जाल, तिला त्याच नळावर उद्या उभं राहायचं आहे. नकाशावर धरणापासून त्या गल्लीपर्यंत रेघ ओढा आणि रेघेवर जिथे जिथे कोणीतरी बाई थांबली आहे तिथे तिचे तास लिहा.

वाचायला आकडेवारी कुठे मिळेल?

तलावसाठ्याचे आकडे महापालिका पावसाळ्यात रोज जाहीर करते. जनगणनेत पाण्याचा स्रोत घरात की बाहेर, हे असतं. वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागात तुमच्या विभागाची पाण्याची वेळ आणि जोडण्यांची संख्या माहिती अधिकारात मागा. अर्ज दहा रुपयांचा आहे. तासांचे आकडे कुठल्याच कार्यालयात मिळणार नाहीत. ते तुम्हालाच पहाटे साडेतीनला उठून आणावे लागतील.